चार बोटं लोखंड

“…म्हणजे बकलिंग कशाला म्हणतात, हे तुम्हाला सांगता येत नाही. असंच ना, मेटबाई?”

कलाबाईंनी थोडा विचार केला.

“नाई सांगता येत,” त्या म्हणाल्या.

सकाळचे सव्वासहा झाले होते. पळसबोडी स्टेशनपासून तीन किलोमीटरवर, रुळांच्या कडेला, गँगच्या खोलीसमोर हजेरी चालली होती. अकरा पुरुष आणि दोन बाया दोन रांगांत उभ्या होत्या. कलाबाई, म्हणजे चंद्रकला आत्राम, ही त्यांची मेट, म्हणजे गँगची प्रमुख. एकतीस वर्षांपूर्वी डोक्यावर घमेलं घेऊन त्या या लाईनवर खडी टाकायला आल्या होत्या. आता सत्तावन्न पूर्ण होत आली होती. डोक्यावर पदर, पदरावर पिवळं हेल्मेट.

प्रश्न विचारणारा मकरंद ठोंबरे सव्वीस वर्षांचा होता. बारामतीकडचा. रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रात पहिला आलेला आणि तीन आठवड्यांपूर्वी या कोळशाच्या लाईनवर इंजिनिअर म्हणून रुजू झालेला.

आल्या आल्या त्यानं एक पुस्तिका तयार केली होती. रूळ, खडी, वॅगन, ब्रेक, सिग्नल… लाईनवर रोज तोंडी येणारे एकशेदहा शब्द आणि प्रत्येकापुढे त्याची व्याख्या. ती त्यानं सगळ्यांना वाटली होती आणि रोज हजेरीला तो दोघातिघांना प्रश्न विचारायचा. त्यात खोड्या काढायचा हेतू नव्हता. ज्याला शब्दाचा अर्थ नेमका सांगता येत नाही त्याला ती गोष्ट कळलेलीच नाही, असं त्याचं मनापासून मत होतं.

गँगमधल्या देवाजीला वाचता येत नसे. त्यानं पुस्तिकेची घडी करून हेल्मेटात घातली होती. डोक्याला ऊन कमी लागतं म्हणाला.

मकरंदनं व्याख्या म्हणून दाखवली. उष्णतेनं रुळात साठलेला दाब बाजूच्या आधारापेक्षा जास्त झाला, की रूळ खालच्या स्लीपरांसकट आडवा सरकतो. त्याला बकलिंग म्हणतात.

मग त्यानं ती सोपी करून सांगितली. इथले रूळ तुकड्यातुकड्यांचे नाहीत. सांधे वितळवून मैलोनमैल एकसंध केलेले आहेत. उन्हानं लोखंड वाढतं, पण वाढायला जागा नसते. म्हणून ते आतल्या आत दाबून बसतं.

कलाबाई मन लावून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“तुमी पायलं हाय का ते, साहेब?”

“पाहायची काय गरज? समजलं की झालं.”

“बरं,” कलाबाई म्हणाल्या.

त्यांचं हे ‘बरं’ मकरंदला खुपायचं. त्यात होकार नसे, नकारही नसे.

चार दिवसांपूर्वी त्यानं त्यांना खडीच्या खांद्याबद्दल विचारलं होतं. स्लीपरांच्या टोकांबाहेर खडीचा जो उंच काठ ठेवतात, त्याला लाईनवर खांदा म्हणतात. तो कशासाठी असतो, एवढंच सांगायचं होतं. कलाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी देवाजीला उभं केलं, आणि पैकाजी नावाच्या दणकट गड्याला त्याच्या खांद्याला खांदा लावून पूर्ण भार टाकायला सांगितलं. दोघं तसे उभे राहिले. मग त्या देवाजीला म्हणाल्या, हट. देवाजी हटला आणि पैकाजी धाडकन खडीत पडला. सगळी गँग हसली. मकरंदनं वहीत लिहिलं : उत्तर दिले नाही.

त्या दिवशीचं काम मकरंदनं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते. मैलाच्या एका दगडापाशी खडीत माती आणि कोळशाची भुकटी मिसळून ती घट्ट झाली होती. दहा स्लीपरांची खडी काढायची, चाळायची आणि परत भरायची. दुपारच्या आत लाईन लख्ख दिसली पाहिजे.

लाईन तपासत, चालत पोचेपर्यंत साडेनऊ झाले. मे महिना. लांबवर जंगलात विड्यांसाठी तेंदूची पानं तोडणाऱ्या बायांचे आवाज येत होते, पण तेही आता विरळ झाले होते. रुळांवरची हवा पाण्यासारखी हलत होती.

कलाबाई वाकल्या आणि त्यांनी तळहाताची उलटी बाजू रुळाला लावली. लगेच काढून घेतली.

“आज नको जी,” त्या म्हणाल्या. “हे पहाटे उघडाचं काम हाय.”

मकरंदनं वही काढली. पावणेसातला त्यानं स्वतः गँगच्या खोलीसमोर रुळाला तापमापक लावला होता. अडतीस अंश. काम करायला चालतं त्या मर्यादेच्या बरंच आत.

“तो सकाळचा हाय. तिथं झाडाची सावली पडते.”

“नोंद आहे, मेटबाई. मर्यादेच्या आत आहे.”

“तुमच्या वहीत हाय,” कलाबाई म्हणाल्या.

मकरंदचे कान तापले. सगळी गँग ऐकत होती. तो म्हणाला, की हा त्याचा हुकूम आहे आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.



कलाबाईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली. तिच्यातून लाल झेंड्या काढल्या आणि फटाक्यांचे डबे काढले. हे फटाके चपट्या डबीसारखे असतात. रुळावर बांधून ठेवले, की इंजिनाच्या चाकाखाली फुटतात आणि ड्रायव्हरला कळतं, पुढं धोका आहे. कलाबाईंनी दोन माणसं एका बाजूला पाठवली, दोन दुसऱ्या बाजूला. पार बाराशे मीटरपर्यंत जायला सांगितलं.

मकरंद म्हणाला, की स्टेशन मास्तरांशी त्याचं बोलणं झालंय आणि बारापर्यंत एकही गाडी नाही. चार माणसं उगाच कमी होतील.

“असू द्या,” कलाबाई म्हणाल्या. आणि ती चार माणसं ठिकाणावर पोचून झेंड्या दिसेपर्यंत त्यांनी कुणाला खोऱ्याला हात लावू दिला नाही. त्यात अर्धा तास गेला.

त्यांचं म्हणणं होतं, उघडायचंच तर एकेक स्लीपर उघडू. एक भरला की दुसरा. मकरंदला दहाही एकदम हवे होते. तसं केल्याशिवाय बाराच्या आत काम उरकणार नव्हतं.

गँगमधल्या सगळ्यांनी मेटकडे पाहिलं.

“साहेब म्हनते तसं करा,” त्या म्हणाल्या. “पाय बाहेर ठेवा. डोळे माह्या हाताकडं.”

मग त्या तीसेक पावलं दूर गेल्या, रुळाशेजारी उकिडव्या बसल्या आणि गाल जवळजवळ लोखंडाला टेकवून, एक डोळा मिटून, रुळाच्या कडेवरून नजर लावून राहिल्या. मेट नेहमीच अशी बसते. पहारी मारून रूळ सरळ करताना वाक कुठं आहे तो जवळच्याला दिसत नाही, लांबून खाली वाकलेल्यालाच दिसतो. पण आज कुणी पहार मारत नव्हतं.

खडी निघू लागली. आधी दोन स्लीपरांमधली, मग टोकांबाहेरची. खांदा उतरला. घमेली भरत होती, चाळणीखाली काळी माती पडत होती. मकरंद दोन्ही रुळांच्या मधोमध एका स्लीपरवर उभा राहून सांगत होता, की या खडीला काय म्हणतात, त्या खडीला काय म्हणतात आणि ती साफ का ठेवायची. बोलता बोलता त्याला बरंच बरं वाटू लागलं होतं. काम झपाट्यानं चाललं होतं. सात स्लीपर उघडे झाले. आठवा…

कलाबाईंचे दोन्ही हात वर गेले.

 नुसते हात. एकाच वेळी सगळी खोरी, घमेली जागच्या जागी पडली आणि नऊच्या नऊ माणसं उड्या टाकून बाजूच्या उतारावर गेली.

मकरंदला ती खूण माहीत नव्हती. ती पुस्तिकेत नव्हती. काय झालं म्हणून विचारायला तो वळला.

आवाज फारसा झालाच नाही.

खडी दात खाल्ल्यासारखी करकरली, आणि दोन्ही रूळ, त्यांना जखडलेले काँक्रीटचे स्लीपर आणि त्या स्लीपरवर उभा असलेला मकरंद, सगळं मिळून बाजूला सरकलं. गाढ झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसं. घाई नाही, राग नाही. मकरंद पडलासुद्धा नाही. तो जसा उभा होता तसाच उभा राहिला, फक्त समोरचं पळसाचं झाड, जे आत्ता उजवीकडे होतं, ते डावीकडे गेलं होतं.

त्यानं खाली पाहिलं.

वळणापर्यंत सुतासारखी गेलेली लाईन त्याच्या पायाखाली सापासारखी वळली होती. एक वळसा इकडे, एक तिकडे. हातभर.

तो उतरायचं विसरला.

त्याला भीती वाटली नाही. भीती नंतर आली. त्या घडीला त्याला एवढंच वाटत होतं, की आपण कुणाच्या तरी पाठीवर उभे आहोत आणि तो कुणीतरी इतका वेळ जागा होता. एवढं वजन हलवायला यंत्रं लागतात, हे त्याला ठाऊक होतं. इथं यंत्र नव्हतं. नुसतं ऊन होतं.

देवाजीनं त्याच्या कोपराला धरून त्याला खाली उतरवलं. लहान मुलाला उतरवतात तसं.

जरा वेळानं मकरंदच्या तोंडून शब्द फुटले. पहारी घ्या म्हणाला, सगळे मिळून मागं ढकलू.

“हात नका लावू,” कलाबाई म्हणाल्या. “अजून मन भरलं नाई त्याचं.”

आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो वळसा अजून बोटभर सरकला.

मग सगळे उतारावर नुसते बसून राहिले.  कुणी पाण्याची बाटली पुढं केली नाही. तेंदूच्या बायांचे आवाजही बंद झाले होते…

त्या शांततेत लांबून फटाका फुटला.

पाठोपाठ दुसरा. तिसरा.

स्टेशनात उभी असलेली कोळशाची गाडी वेळेआधी सोडली होती. निरोप मकरंदच्या फोनवर आला होता, पण फोन पिशवीत होता आणि पिशवी झाडाला टांगलेली होती.

मकरंद उभा राहिला. अठ्ठावन्न वॅगन, काठोकाठ भरलेल्या. जवळपास पाच हजार टन. आणि उतार इकडचाच. अशी गाडी किती अंतरात थांबते, हे त्यानं परीक्षेत लिहून दाखवलं होतं आणि त्याला त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आता तो आकडा त्याच्या डोक्यात होता आणि वळणावर इंजिन दिसत होतं.

कलाबाई लाईनच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात लाल झेंडी. ती त्या हलवत नव्हत्या, फडकवत नव्हत्या. नुसती धरून उभ्या होत्या.

जमीन थरथरू लागली. ब्रेक लागत होते. लोखंडाचा तो आवाज इंजिनापासून मागं, एका वॅगनमधून दुसऱ्या वॅगनमध्ये, लांबच लांब पळत गेला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला, तरी ऐकू येत राहिला. इंजिन मोठं होत होतं. आणखी मोठं. मकरंदला वाटलं ओरडावं, पण कुणाला आणि काय, ते सुचेना.

गाडी थांबली. विजेच्या तारांचे दोन खांब अलीकडे.

ड्रायव्हर उतरून चालत आला. पन्नाशीचा माणूस होता. सापासारख्या झालेल्या रुळांपाशी आला, बराच वेळ बघत राहिला. डोक्यावरची टोपी त्यानं काढून हातात घेतली. मग तो खडीतच बसला आणि पाणी मागितलं.



मकरंद कलाबाईंच्या शेजारी जाऊन बसला. गाडी लवकर सुटणार, असा त्यांना काही निरोप होता का, असं त्यानं विचारलं. नव्हता. मग झेंड्या कशा काय लावल्या?

“लाईन उघडली का झेंडी लावाची. गाडी येवो नाई त न येवो.”

मकरंदनं स्टेशनला आणि वरच्या कचेरीला स्वतः फोन केला. खडी माझ्या हुकमानं उघडली, असं त्यानं दोन्हीकडे पहिल्याच वाक्यात सांगितलं. पलीकडून जे काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यानं उभं राहून ऐकून घेतलं.

रूळ कापणारी माणसं यायला दीड तास लागला. तोवर मकरंद एका कागदावर हिशेब करत बसला. रूळ बसवला तेव्हाचं तापमान, आत्ताचं तापमान, किती लांबीचं लोखंड अडकलंय… पुस्तकातलं सूत्र त्याला पाठ होतं. किती लांबीचा तुकडा कापून काढला म्हणजे दाब जाईल, ते त्यानं दोनदा तपासून काढलं. उत्तर आठ सेंटिमीटर आलं.

त्याचा त्या उत्तरावर विश्वास बसेना. अर्धा किलोमीटर लोखंड. त्याला पाहिजे होतं फक्त एवढं?

कापणारा कलाबाईंना विचारत होता, कुठं आणि किती. कलाबाईंनी रुळावर ओलं फडकं टाकलं, त्यावर उजव्या हाताची चार बोटं आडवी ठेवली आणि खडूनं अलीकडे पलीकडे एकेक रेघ मारली.

मकरंदनं टेप लावला. आठ सेंटिमीटर, वर जेमतेम केसभर.

तो टेप तसाच धरून राहिला. आपला हिशेब चुकला नव्हता, याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला आनंद झाला नाही. दुसरंच काहीतरी झालं, आणि ते इतकं मोठं होतं, की त्यानं टेप हळूच गुंडाळला आणि मागं सरकून बसला.

निळी ज्योत लोखंडातून गेली. तुकडा खाली पडला. आणि कुणी हात न लावता रुळाची दोन्ही कापलेली टोकं एकमेकांकडे सरकत आली, सरकत आली आणि ठक्क करून टेकली.

गँगमधल्या एका बाईनं हात जोडले. तिला कुणी हसलं नाही.

दुसऱ्या रुळाचंही तसंच झालं. मग पहारी लागल्या. कलाबाई पुन्हा तीस पावलांवर जाऊन रुळाला गाल लावून बसल्या आणि हातानं खुणा करत राहिल्या. थोडं इकडं. अजून. थांबा. केसभर तिकडं. सकाळी जो राक्षस होता तो आता नऊ माणसांच्या हाकाऱ्यावर, टप्प्याटप्प्यानं, मुकाट सरळ होत गेला. सांध्याला पट्ट्या आवळल्या, खडी भरली, खांदा पुन्हा उंच केला. झाडाखालून मडकं आणून त्यातलं पाणी रुळावर ओतलं. मकरंदनंही खोरं घेतलं होतं. त्याच्या हाताला फोड आले, ते त्याला नंतर दिसले.

तापमापक या वेळी त्यानं उन्हातल्या रुळाला लावला. दुपारचे तीन वाजून गेले होते आणि पारा उतरणीला लागला होता.

गाडी माणसाच्या चालीनं सोडायची ठरली. कलाबाईंनी मकरंदला कडेला बसवलं.

“गाडीकडं नका पाहू,” त्या म्हणाल्या. “खाली पाहा.”

इंजिन आलं. त्याच्या चाकाखाली रूळ दबला, आणि चाक पुढं जाताच वर आला. दबला, वर आला. सरळ दिसणारी, निपचित पडलेली ती लाईन एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी खालीवर होत होती. मकरंद रोज त्या रुळांवरून चालत होता आणि त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याची नजर त्याच्याही खाली गेली. खडीवर.

मुठीएवढे दगड. कुणी कुणाला चिकटलेला नाही, कुणी कुणाला बांधलेला नाही. लहान पोरसुद्धा उचलून तलावात फेकील असे सगळे सुटे. वॅगनचा भार आला, की ते एकमेकांना किंचित टेकत, किंचित सरत आणि भार गेला, की पुन्हा आपापल्या जागी स्वस्थ. एक वॅगन. दुसरी. विसावी. कोळशाचे काळे डोंगर डोक्यावरून चालले होते आणि त्यांचा भार या सुट्या दगडांनी आपसांत वाटून घेतला होता. आवाज नाही, तक्रार नाही. गेली कित्येक वर्षं, रोज, दिवसातून वीसदा.

मकरंद ओणवा होऊन पाहत राहिला. काय कळलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

अठ्ठावन्नावी वॅगन गेली. मागच्या डब्यातून गार्डनं हिरवी झेंडी दाखवली. कलाबाईंनी दाखवली. गाडी लांब जाईपर्यंत कुणीच जागचं हललं नाही…

“तुम्हाला माहीत होतं,” मकरंद शेवटी म्हणाला. “मला धरून का नाही थांबवलं?”

कलाबाई झेंडीची गुंडाळी करत होत्या.

“आज थांबवलं असतं त तुमी उद्या उघडलं असतं.”

“मग?”

“उद्या माही सुट्टी हाय.”

परत येऊन मकरंद गँगच्या खोलीत लिहायला बसला. अहवाल संध्याकाळच्या गाडीनं पाठवायचा होता. खिडकीतून गरम वारा येत होता.

त्यानं सगळं लिहिलं. तापमान कुठं घेतलं आणि कुठं घ्यायला हवं होतं. मेटनं दोनदा नको म्हटलं, ते. एकदम दहा स्लीपर उघडायचा हुकूम. झेंड्या कुणी लावल्या. फोन कुठं होता. आपण कुठं उभे होतो. आपला एकही दोष बाहेर राहू नये, कुणी म्हणू नये की यानं काही लपवलं, म्हणून तो लिहीतच गेला. अक्षर बारीक, ओळीला ओळ चिकटलेली. एकच कोरा कागद त्याच्याजवळ होता. डावीकडचा समास भरला, उजवीकडचा भरला. खाली सही करण्यापुरती जागा होती, तिथंही त्यानं आणखी एक वाक्य घातलं आणि सही त्या वाक्याच्या पोटात केली.

गँग घरी गेली होती. कलाबाई फटाक्यांचे उरलेले डबे कपाटात ठेवायला आत आल्या. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली.

मकरंदनं त्यांना अहवाल वाचून दाखवला. मध्ये एकदा त्याचा आवाज फाटला, पण त्यानं शेवटपर्यंत वाचला. मग त्यांना म्हणाला, बघा, काही राहिलं असेल तर सांगा.

कलाबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना सावकाश का होईना, वाचता येत होतं. त्यांनी तो काळा झालेला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. उलटा करून मागची बाजू पाहिली. तीही तशीच भरलेली होती.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर चार बोटं आडवी टेकवली आणि हळूच तो त्याच्याकडे सरकवला.

“मधात थोडी जागा सोडा, साहेब.”